‘सिंगल इस्टेट’ चहा : मळ्याला नाव मिळाले, मजुराला कधी?

चळवळीतली एकही बैठक चहाशिवाय पार पडत नाही. जयंतीची वर्गणी ठरवायची असो, मोर्चाची परवानगी काढायची असो की कोर्टाच्या आवारात तारखेची वाट पाहायची असो, चहा हवाच. तो येतो पाकिटातून, आणि पाकिटावर असते कंपनीचे नाव. गेल्या काही वर्षांत मात्र पुण्या-मुंबईच्या कॅफेंतून आणि ऑनलाइन दुकानांतून एक वेगळा चहा विकला जातो आहे. त्याच्या डब्यावर मळ्याचे नाव ठळक असते, पान कोणत्या हंगामात खुडले ते असते, मळा किती उंचीवर आहे तेही असते. याला ‘सिंगल इस्टेट’ चहा म्हणतात. आपल्यातले काही तरुण त्याला खात्यापित्या सवर्णांचे नवे चोचले म्हणून उडवून लावतात. उलट विक्रेत्यांची जाहिरात अशी की, असा चहा घेतला म्हणजे मजुराच्या पदरात थेट काहीतरी पडते. आमच्या मते दोन्ही म्हणणी चूक आहेत. का चूक आहेत हे समजायचे तर आधी हा चहा म्हणजे काय ते समजून घ्यावे लागेल आणि मग त्याचा इतिहास पाहावा लागेल.

मुळात प्रत्येक कारखान्यातून निघणाऱ्या चहाला नाव-गाव असते. पान खुडल्यावर काही तासांत त्यावर प्रक्रिया सुरू करावी लागते, नाहीतर ते वाया जाते. ऊस जसा साखर कारखान्यापासून फार लांब नेऊन परवडत नाही, तसेच हे. म्हणून मोठ्या मळ्याचा कारखाना मळ्यातच असतो. तिथे पान पसरून मलूल करतात, मग वळतात किंवा यंत्रात चिरडतात, हवा लागून ते तांबूस होऊ देतात आणि शेवटी गरम हवेवर सुकवून, चाळून प्रतवारी लावतात. साधारण साडेचार किलो ओल्या पानाचा एक किलो चहा होतो. या चहाचा मोठा भाग पुढे लिलावात जातो. कोलकात्यात असा लिलाव १८६१ पासून चालतो, गुवाहाटीचे लिलाव केंद्र १९७० चे. लिलावाच्या यादीत प्रत्येक लॉटपुढे मळ्याचे नाव, प्रत आणि पोत्यांची संख्या छापलेली असते. म्हणजे बोली लावणाऱ्या कंपनीला चहा कुठला आहे हे पक्के माहीत असते.

नाव पुसले जाते ते त्यानंतर. कंपनीचे चहा चाखणारे जाणकार दिवसाला शेकडो कप चाखून ठरवतात की, या मळ्याचा रंग, त्या मळ्याचा कडकपणा, तिसऱ्याचा वास किती किती घ्यायचा. वीस-तीस मळ्यांचा चहा एकत्र करून एक मिश्रण बनते. त्याचा हेतू एकच असतो. जानेवारीत घेतलेले पाकीट आणि ऑगस्टमध्ये घेतलेले पाकीट यांची चव आणि शक्यतो किंमतही सारखी लागली पाहिजे. पावसाळ्यात आसामचे पान बेचव झाले तर दुसरीकडचे वाढवायचे, एखाद्या मळ्याने भाव चढवला तर त्याला वगळून स्वस्त पर्याय घालायचा. हे कसबाचे काम आहे, त्याला आम्ही कमी लेखत नाही. महाराष्ट्रात दूध-साखर घालून उकळलेला कडक चहा लागतो, म्हणून इकडच्या मिश्रणात बारीक दाणा आणि डस्ट जास्त. पान चिरडून त्याचे गोल दाणे करणारे सीटीसी यंत्र १९३० च्या सुमारास आसामच्या आमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चर याने बनवले. आपल्या गल्लीतल्या टपरीवरचा दोन मिनिटांत लालभडक होणारा चहा त्या यंत्राची देणगी आहे. इतक्या कमी पानात इतके कप काढणारा चहा नसता तर तो गरिबाच्या घरात एवढा पोचलाच नसता.

एका मळ्याच्या चहाचा हिशेब उलटा आहे. तिथे चवीतला फरक हाच माल. दार्जिलिंगमध्ये मार्च-एप्रिलचा पहिला बहर फिकट, हिरवट, फुलांच्या वासाचा असतो आणि मे-जूनच्या दुसऱ्या बहरात द्राक्षासारखा जो ‘मस्कटेल’ स्वाद येतो त्यासाठी लोक वाटेल ते मोजतात. या स्वादामागे एक कीड आहे, हे आपल्या शेतकरी वाचकांना गमतीचे वाटेल. तुडतुडे पानांतला रस शोषतात, झुडूप स्वतःच्या बचावासाठी काही द्रव्ये तयार करते आणि त्या द्रव्यांचाच पुढे सुगंध होतो. कापसावर जे तुडतुडे आले की आपला शेतकरी डोक्याला हात लावतो, तसलेच तुडतुडे तिथे किलोमागे भाव वाढवतात. उंची, धुके, चिनी जातीचे जुने झुडूप, कारखान्यातल्या माणसाचा हात, या सगळ्यामुळे शेजारशेजारच्या दोन मळ्यांचा चहाही वेगळा लागतो. तेव्हा फरक खरा आहे, तो केवळ ढोंग नाही.

या दोहोंच्या मध्ये आणखी एक प्रकार आहे. पाकिटावर नुसते ‘दार्जिलिंग’ किंवा ‘आसाम’ लिहिलेले असते. तो प्रदेश एक, मळे अनेक. दार्जिलिंगला २००४ साली देशातले पहिले भौगोलिक मानांकन मिळाले आणि ८७ मळ्यांनाच ते नाव वापरता येते. आपल्याकडे देवगडच्या पेटीत भलताच आंबा येतो तसाच प्रकार तिथेही चालतो. नेपाळच्या इलाम भागातला चहा दार्जिलिंग म्हणून खपवला जातो, ही तिथल्या मळेवाल्यांची जुनी तक्रार. शिवाय देशातले निम्म्याहून अधिक पान आता छोट्या उत्पादकांच्या वावरातून येते आणि ते बहुतांशी विकतच्या पानावर चालणाऱ्या कारखान्यांत जाते. त्या पानाला मळ्याचे नाव मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

एवढे झाले चहाविषयी. आता ‘इस्टेट’ या शब्दाकडे वळू.

मराठीत इस्टेट म्हणजे बापजाद्यांची मालमत्ता. ‘तुझ्या बापाची इस्टेट आहे काय?’ असे आपण भांडणात विचारतो. चहाच्या बाबतीत हा प्रश्न अगदी शब्दशः विचारण्यासारखा आहे. आसामात सिंगफो लोक इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून चहा पीत होते. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूसला या झाडाचा ठावठिकाणा लागला तो सिंगफो सरदाराकडून, आणि ती गाठ घालून देणाऱ्यांत मणिराम दत्त बरुआ म्हणजे मणिराम दिवाण यांचे नाव घेतले जाते. १८३८ च्या ‘पडीक जमीन’ नियमांनी कंपनी सरकारने आसामातली जमीन मळेवाल्यांना जवळजवळ फुकटात वाटायला सुरुवात केली. लोक ज्या रानावर जगत होते ते रान सरकारी कागदावर पडीक ठरले. १८३९ मध्ये आसामचा चहा पहिल्यांदा लंडनच्या लिलावात गेला, अवघ्या आठ पेट्या, आणि त्याच वर्षी आसाम कंपनी उभी राहिली. मणिराम दिवाणांनी पुढे स्वतःचे मळे काढले. भारतीय माणसाने इंग्रजांच्या बरोबरीने मळा चालवावा हे मानवण्यासारखे नव्हतेच. १८५७ च्या उठावात भाग घेतल्याच्या आरोपावरून २६ फेब्रुवारी १८५८ रोजी त्यांना जोरहाटला फाशी दिले गेले.

जमीन मिळाली, पण तिच्यावर राबणार कोण? आसामी शेतकरी त्या मजुरीवर यायला तयार नव्हता. मग छोटा नागपूर, संथाल परगणा, ओडिशा, मध्य प्रांत या भागांतून मुंडा, उराव, संथाल, खारिया, गोंड अशा आदिवासींना आणि भूमिहीन अस्पृश्य जातींना आणले गेले. दलालाला ‘अरकाटी’ म्हणत. जमीनदार-सावकारांनी ज्यांची शेती आधीच गिळली होती, दुष्काळाने ज्यांची चूल विझवली होती, त्यांच्याच दारात अरकाटी जायचा. दक्षिणेत हेच काम ‘कंगाणी’ करत असे. निलगिरी, वालपराई, मुन्नार आणि समुद्रापलीकडे सिलोन, इथल्या मळ्यांवर गेलेले तमिळ मजूर मोठ्या संख्येने परैयर, पल्लर, चक्किलियर जातींचे होते. दार्जिलिंगला नेपाळी मजूर गेले. त्यांत राई, तामांग, लिंबू होते तसे कामी, दमाई, सार्की या दलित जातीही होत्या. नकाशावर चहा कुठे पिकतो ते पाहा आणि तिथल्या मजुरांच्या जाती विचारा. जातिव्यवस्थेने ज्यांना जमिनीपासून तोडले तेच लोक भांडवलाला सर्वांत स्वस्त मिळाले. बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून १९३८ मध्ये मनमाडला जे सांगितले, त्याला चहाच्या मळ्याइतके ठसठशीत उदाहरण क्वचित सापडेल.

या मजुरांना बांधून ठेवायला कायदे केले गेले. १८५९ च्या कायद्याने करार मोडणे हा मजुरासाठी फौजदारी गुन्हा झाला. १८६५ च्या कायद्याने तीन वर्षांचा करार ठरला, महिन्याला पुरुषाला ५ रुपये, स्त्रीला ४ आणि मुलाला ३ रुपये अशी मजुरी ठरली आणि पळालेल्या मजुराला वॉरंटशिवाय पकडण्याचा अधिकार खुद्द मळेवाल्याला मिळाला. तो १९०८ पर्यंत टिकला. मालकच पोलीस असा हा कारभार! १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत आसामात सुमारे ८५ हजार मजूर उतरवले गेले आणि त्यांतले ३० हजारांच्या आसपास १८६६ च्या मध्यापर्यंत मेले किंवा पळून गेले. पळालेल्यांपैकी किती जंगलात मेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आज दोनशे ग्रॅमच्या सुबक डब्यावर ‘एकोणिसाव्या शतकापासूनची परंपरा’ असे लिहिलेले दिसले की हे आकडे आठवावेत. परंपरा म्हणून सांगितली जाते ती हीच.

मजूर गप्प बसले नव्हते. मे १९२१ मध्ये बराक खोऱ्यातल्या चरगोला आणि लोंगाई भागातले हजारो मजूर मळे सोडून गावाकडे पायी निघाले. चांदपूरच्या स्टेशनवर २० मे च्या रात्री गुरखा सैनिकांनी त्यांना झोडपून काढले, नंतर पटकीने कित्येक गेले. यांतले अनेकजण गांधीजींचा जयजयकार करत निघाले होते. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त भूमिका घेतली ती अशी की, असहकार भांडवल किंवा भांडवलदारांविरुद्ध नाही. आमच्या वाचकांना याचे आश्चर्य वाटू नये.

आता एक गोष्ट आपल्या पुण्याची. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये पुण्यातल्या चाळीसच्या वर प्रतिष्ठितांना बोलावून चहा-बिस्किटे दिली गेली. टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी चहाला कोण कोण होते त्यांची नावे वर्तमानपत्रात फोडली आणि सनातनी पुणे पेटले. शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, चौकशी झाली, प्रायश्चित्ते ठरली. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले. या प्रकरणावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे, पण एक प्रश्न कोणी विचारलेला आमच्या वाचनात नाही. मिशनरी बाईच्या हातच्या कपाने ज्यांचा धर्म बाटला, त्यांचा धर्म त्या कपातल्या पानाने का बाटला नाही? ते पान खुडणारे हात, टोपल्या वाहणारे, कारखान्यात फावड्याने चहा ओढणारे लोक कोण होते? मनूच्या हिशेबाने ते सगळे चातुर्वर्ण्याच्या तळाचे किंवा पार बाहेरचे. पण मळा हजार कोस लांब होता आणि व्यापाराच्या वाटेवर जात गळून पडली होती. शूद्रातिशूद्रांचे श्रम कधीच बाटवत नाहीत. धान्य बाटवत नाही, कातडे शिवून जोडा झाला की तो बाटवत नाही, चहा बाटवत नाही. बाटवते फक्त माणसाचे समोर येणे. पुढे रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू चहा’ आणि ‘मुसलमान चहा’ अशा हाका ऐकू येत आणि खेड्यांतल्या हॉटेलांत आपल्या माणसांसाठी वेगळी कपबशी कोनाड्यात पालथी असे, ती पिणाऱ्यानेच विसळून ठेवायची. तमिळनाडूत याला ‘दोन पेल्यांची पद्धत’ म्हणतात आणि ती मोडायला पेरियारवादी आणि दलित संघटनांना अजून आंदोलने करावी लागतात.

इथे बाजारातल्या एका प्रसिद्ध मिश्रणाची आठवण येते. वाघ आणि बकरी एकाच कपातून चहा पितात असे चित्र असलेला हा गुजरातचा ब्रँड १९३४ चा आहे. उच्च-नीच भेद मिटावा या भावनेचे हे चिन्ह आहे, असे कंपनी सांगते. भावना चांगली आहे. फक्त समतेच्या चित्रात बकरीला वाघाच्या पोट भरलेले असण्यावर भरवसा ठेवावा लागतो, एवढे आम्ही नोंदवून ठेवतो.

मिश्रणाने इतिहास पुसला, तसा कायद्याने थोडा परत लिहायचा प्रयत्न केला. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्या खात्याने १९४४ मध्ये डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजूर चौकशी समिती नेमली. देशभरच्या उद्योगांतली मजुरी, घरे, आरोग्य यांची इतकी पद्धतशीर पाहणी त्याआधी झाली नव्हती. मळे-मजुरांवरचा रेगे यांचा स्वतंत्र अहवाल १९४६ मध्ये आला. मळेवाले आजवर ‘आमचे मजूर सुखात आहेत’ म्हणत, त्यांच्यासमोर आता सरकारी कागदावरची आकडेवारी उभी राहिली. १९५१ च्या मळे कामगार कायद्याने मालकावर घर, पिण्याचे पाणी, संडास, दवाखाना, पाळणाघर, मुलांची शाळा यांची जबाबदारी टाकली. हा कायदा बाबासाहेबांनी लिहिला असे म्हणणे बरोबर होणार नाही, तेव्हा मजूरमंत्री जगजीवनराम होते. पण त्याचा पाया ज्या माहितीवर उभा राहिला तिच्यात त्यांच्या खात्याच्या कामाचा वाटा होता, हे आपल्या व्याख्यानांतून क्वचितच सांगितले जाते. हिराकूड आणि दामोदर सांगतो, चहाचे मळे विसरतो.

कायदा झाला तरी घर मालकाचे, म्हणून नोकरी गेली की छप्पर गेले. पिढ्यानपिढ्या एका कुटुंबातले कोणीतरी मळ्यावर कामाला राहिलेच पाहिजे, नाहीतर खोली खाली करा, ही बेडी लोखंडाची नाही एवढेच. मजुरांच्या वस्तीला आसाम-बंगालात ‘लाइन’ म्हणतात, केरळात ‘लयम’. भिंतीला भिंत लागलेल्या खोल्यांच्या रांगा, आपल्या भाषेत चाळ. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री मुन्नारजवळ पेट्टिमुडीला डोंगर अशाच लयमांवर कोसळला आणि ७० जणांचा बळी गेला. आसामात आणखी एक अन्याय आहे. झारखंडमध्ये जो उराव किंवा मुंडा अनुसूचित जमातीत मोडतो, त्याचाच आसामच्या मळ्यावर गेलेल्या पणजोबाचा पणतू तिथे ओबीसी ठरतो. आरक्षण मागणाऱ्यांना ‘पुरावा आणा’ म्हणणाऱ्या देशात या लोकांच्या हातात इंग्रजांचे करारनामे आहेत, तरी जमात म्हणून त्यांची नोंद होत नाही.

आता पैशाकडे येऊ. १४ डिसेंबर २०२१ रोजी गुवाहाटीच्या लिलावात दिब्रुगडच्या मनोहारी मळ्याचा ‘मनोहारी गोल्ड’ चहा किलोला ९९,९९९ रुपयांना गेला. सगळ्या वर्तमानपत्रांनी बातमी दिली. त्या वेळी ब्रह्मपुत्रा खोऱ्यातल्या मळे-मजुराची रोख मजुरी दिवसाला २०५ रुपये होती. म्हणजे एक किलो चहा बरोबर ४८८ दिवसांची मजुरी. रविवारच्या सुट्ट्या धरल्या तर दीड वर्षाहून जास्त. मळेवाल्यांचे उत्तर असते की, असा चहा किलो-दोन किलोच बनतो, पहाटे फक्त कळ्या खुडून बनतो, त्यावरून मळ्याचा नफा काढू नका. हे म्हणणे रास्त आहे. म्हणून तो विक्रमी भाव बाजूला ठेवू आणि रोजच्या भावाकडे पाहू. दार्जिलिंगचा चहा खालच्या डुआर्स-तराईच्या चहापेक्षा सरासरीने बराच महाग विकला जातो. पण पश्चिम बंगालमध्ये २०२३ मध्ये मजुरी दार्जिलिंगलाही २५० रुपये झाली आणि डुआर्सलाही २५० रुपये. मळेवाले सांगतात की डोंगरात हेक्टरी उत्पादन फार कमी, खर्च जास्त, शिवाय मजुराला घर-रेशन देतोच की. उत्पादन कमी आहे हे खरे. पण मग उंचीचे, धुक्याचे आणि तुडतुड्यांचे पैसे जे ग्राहक मोजतो ते खुडणारीच्या दिवसाच्या मजुरीत एक रुपयानेही का दिसत नाहीत? मस्कटेल स्वाद तिच्या बोटांशिवाय झाडावरच वाळून जातो. दोन पाने एक कळी, यापेक्षा खरबरीत पान टोपलीत गेले तर तो भाव येत नाही. हे कौशल्य आहे, पण मजुरीच्या हिशेबात ते अकुशल काम. २०२४ मध्ये दार्जिलिंगच्या मजुरांनी २० टक्के बोनससाठी बंद पाळला, सरकारने १६ टक्क्यांवर मिटवले. जगातला सर्वांत नावाजलेला चहा खुडणाऱ्यांना चार टक्क्यांसाठी रस्त्यावर उतरावे लागते, ही ‘सिंगल इस्टेट’ची दुसरी बाजू. जाहिरातीत तीच बाई टोपली पाठीला लावून हसताना दिसते.

तर मग मिश्रण आणि एका मळ्याचा चहा यांत आपल्या दृष्टीने काय फरक? आमचे म्हणणे असे : मिश्रणाचा खरा उपयोग चवीपेक्षा सत्तेचा आहे. वीस मळ्यांतल्या एका मळ्यात संप झाला तर कंपनी एकविसावा मळा घालते. तुमच्या कपाची चव बदलत नाही आणि तुम्हाला संपाचा पत्ता लागत नाही. या शतकाच्या सुरुवातीला डुआर्सचे मळे एकामागून एक बंद पडले, तिथे लोक भुकेने मेले, त्या काळात आपल्या पाकिटाला कसलाही वेगळा वास आला नाही. एका मळ्याच्या किंवा एका प्रदेशाच्या चहाला अशी पळवाट थोडी कमी असते. २०१७ मध्ये गोरखालँडच्या मागणीसाठी दार्जिलिंग १०४ दिवस बंद राहिले. ती मागणी मजुरीची नव्हती आणि त्या काळात मजुरांचीच उपासमार झाली, हे विसरून चालणार नाही. पण दुसरा बहर झाडावरच गेला, वर्षाचे उत्पादन जेमतेम ३२ लाख किलोवर आले आणि लंडन-हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांना दार्जिलिंगमध्ये काय चालले आहे ते विचारावे लागले. त्यातही काहींनी नेपाळचे पान घालून वेळ मारून नेली म्हणा.

मजुरांची ताकद काही नावावर अवलंबून नसते, हे मुन्नारच्या बायांनी दाखवून दिले. तिथला बहुतेक चहा सीटीसी, मिश्रणात जाणारा. सप्टेंबर २०१५ मध्ये २० टक्क्यांचा बोनस १० टक्क्यांवर आणल्यावर हजारो मळे-मजूर स्त्रिया, बहुतेक तमिळ दलित, रस्त्यावर बसल्या. ‘पेंबिळै ओरुमै’, म्हणजे स्त्रियांची एकजूट. त्यांनी लाल, तिरंगी, सगळ्या युनियनच्या पुरुष पुढाऱ्यांना जवळ फिरकू दिले नाही आणि नऊ दिवसांत २० टक्के घेतले. २३२ रुपयांची मजुरी पुढे ३०१ झाली, मागणी ५०० ची होती. गंमत अशी की, ज्या कंपनीविरुद्ध हे झाले तिचे बहुसंख्य भाग २००५ पासून कामगारांच्याच नावावर आहेत. कागदावर त्या मालकीणी होत्या. ‘इस्टेट’ कोणाची, हा प्रश्न भागपत्रानेही सुटत नाही.

आम्हाला एका मळ्याच्या चहातून घेण्यासारखी एकच गोष्ट वाटते, आणि ती त्याची किंमत किंवा स्वाद नव्हे. तो पत्ता देतो. मळ्याचे नाव कळले की तिथली मजुरी विचारता येते, दवाखाना चालू आहे का, लाइनमध्ये पाणी येते का, भविष्यनिर्वाह निधी भरला का हे विचारता येते. हेच मिश्रणाच्या बाबतीत का होऊ नये? ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये ट्रेडक्राफ्ट एक्स्चेंज या संस्थेने ‘माझा चहा कोणी खुडला?’ अशी मोहीम चालवली. आसामच्या स्त्री-मजुरांची स्थिती पुढे ठेवून त्यांनी कंपन्यांना मळ्यांची यादी मागितली. आमचे मिश्रण हे धंद्याचे गुपित आहे म्हणणाऱ्या ट्वायनिंग्ज, यॉर्कशायर टी, टेटली अशा बड्या ब्रँडांनी एकामागून एक याद्या जाहीर केल्या. धंदा कोणाचाही बुडाला नाही. यांतली टेटली २००० पासून टाटांच्या मालकीची आहे.

म्हणजे लंडनमधल्या ग्राहकाने विचारले तर गुपित उघडते. नागपूर, नांदेड, औरंगाबादच्या ग्राहकाने अजून विचारलेले नाही. घरातले पाकीट उलटून पाहा. पाकीट भरणाऱ्याचा पत्ता असतो, परवाना क्रमांक असतो, बॅच नंबर असतो, ग्राहकसेवेचा फोन असतो. मळ्यांची यादी नसते. ती छापायला जागा नाही हे मान्य, पण संकेतस्थळावर टाकायला आणि पाकिटावर तिचा क्यूआर कोड द्यायला काय हरकत आहे? त्या बॅचमध्ये कोणत्या मळ्याची किती पोती गेली हे खरेदीच्या कागदांत असतेच. आमची सूचना आहे की, ज्या ज्या जिल्ह्यात आपल्या कामगार संघटना आणि विद्यार्थी संघटना आहेत त्यांनी ग्राहकसेवेच्या त्याच फोनवर, त्याच ईमेलवर दोन प्रश्न लेखी विचारावेत : या बॅचमध्ये कोणत्या मळ्यांचा चहा आहे आणि त्या मळ्यांत आज रोजची मजुरी किती आहे. ‘सिंगल इस्टेट’वाल्यांना पहिला प्रश्न विचारायची गरज नाही, त्यांना थेट दुसरा विचारावा. आलेली उत्तरे, आणि न आलेलीही, तारखेसह आमच्याकडे पाठवा. आम्ही ती इथे छापू.